घोड्याचें भय

घोडे शिकविणाऱ्या माणसाला मराठींत चाबूकस्वार असें नांव आहे. शब्द फारसींतून आला. त्या भाषेंत चाबुक याचा चपळ, तरबेज असाही अर्थ आहे, आणि त्या अर्थानें चाबूकस्वार म्हणजे कसबी स्वार, एवढेंच. परंतु मराठी कानाला त्या नांवांत प्रथम ऐकूं येतो तो कोरड्याचा आवाज. आणि कानाची ही चूक व्यवहाराला धरूनच आहे. घोडा शिकवावयाचा म्हणजे आधीं त्याची रग जिरवावयाची, ही समजूत पागेंत, तबेल्यांत आणि टांग्यांच्या अड्ड्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आली. अडला तर मार, बुजला तर मार, आणि मुकाट्यानें पुढें आला तरी सवयीप्रमाणें एक फटका.

ज्या घोड्यावर हा उपाय फसतो त्याच्यावर ऐबी म्हणून शिक्का बसतो. असा घोडा एका हातांत टिकत नाहीं. बाजारांत तो स्वस्त जातो, स्वस्त मिळालेल्या घोड्याच्या तोंडांत अधिक कडक लगाम चढतो, आणि प्रत्येक नवा धनी मागच्यापेक्षां अधिक धास्तीनें त्याच्याजवळ जातो. असे तीन-चार हात बदलले कीं चांगल्या अंगाचें, चांगल्या चालीचें जनावर कुचकामाचें ठरतें. मध्यंतरीं एखादा मोतद्दार लाथेनें जायबंदी होतो तो वेगळाच.

आतां ही ऐब पुष्कळदां कशाची बनलेली असते, तें पाहण्यासारखें आहे. घोडा हा उघड्या माळावरचा, गवत खाणारा प्राणी. त्याला शिंगें नाहींत, पंजे नाहींत. दांत आणि लाथा आहेत, पण त्या अगदीं शेवटच्या उपायाच्या. संकट दिसतांच पळत सुटणें हाच त्याचा मुख्य बचाव, आणि त्याची सारी शरीररचना त्या एका कामाला अनुकूल आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें मान न वळवितां त्याला भोंवतालचें जवळजवळ सगळें वर्तुळ दिसतें. दोनच लहानशा जागा दृष्टीआड राहतात. एक कपाळाच्या अगदीं समोरची, दुसरी शेपटीच्या मागची. नवखा माणूस कौतुकानें कपाळावर थाप द्यावयास समोरून हात नेतो, तेव्हां तो हात घोड्याच्या दृष्टींतून मध्येंच नाहींसा होतो आणि एकदम अंगावर येऊन पडतो. न बोलतां मागून जाणाऱ्याची गोष्ट तर सांगावयासच नको. कान निरनिराळ्या दिशांस स्वतंत्रपणें फिरतात. माशी बसली तर नेमकी तेवढीच कातडी थरारते. अशा जनावराला वाऱ्यानें उडालेला कागद किंवा कुंपणावर वाळत घातलेलें धोतर ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आधीं पळावें आणि लांब जाऊन मग वळून पाहावें, या नियमानें त्याचे पूर्वज वांचले.

म्हणून रस्त्यांत घोडा डबक्याला बुजतो तेव्हां त्यांत हट्ट नसतो. स्वाराला मात्र हट्ट दिसतो आणि तो कोरडा ओढतो. घोड्याच्या मनांत याचा हिशेब सरळ होतो: डबकें दिसलें आणि लगेच अंगाची आग झाली, तेव्हां डबक्याविषयींची शंका खरीच होती. दुसऱ्या दिवशीं तो त्या जागेच्या पन्नास पावलें अलीकडेच थबकतो.

हें मर्म झेनोफन या ग्रीक लेखकानें सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें आहे. झेनोफन अथेन्सचा, सॉक्रेटिसाच्या शिष्यपरिवारांतला, आणि पेशानें शिपाई. इ. स. पूर्वीं ४०१ मध्यें इराणच्या गादीसाठीं झालेल्या लढाईंत ज्यांचा धनी पडला, त्या दहा हजार भाडोत्री ग्रीकांना परमुलुखांतून समुद्रापर्यंत परत आणणाऱ्या नायकांपैकीं तो एक. अशा माणसाच्या अश्वविद्येवरील ग्रंथांत कोणी हळुवारपणा शोधावयास जाणार नाहीं. पण तो तेथें पानोपानीं आहे. रागाच्या भरांत घोड्याशीं कधींही वागूं नये, कारण राग पुढचें पाहत नाहीं, असें तो बजावितो. घोडा एखाद्या वस्तूला भ्याला तर स्वाराने स्वतः तिला हात लावून दाखवावा आणि घोड्याला सावकाश जवळ न्यावें, मारून नेणारे त्याची भीति वाढवितात, असें त्याचें सांगणें आहे. जुलमानें करून घेतलेल्या चालींत समज नसते आणि शोभाही नसते, हें मत तो सायमन नांवाच्या, आपल्याही आधींच्या अश्वविदाचें म्हणून देतो. त्या सायमनचा ग्रंथ आज तुकड्यापुरताच उरला आहे.

शिंगराविषयींचा झेनोफनचा सल्ला तर फारच मार्मिक आहे. शिकविणाराकडे धाडण्यापूर्वीं शिंगरूं घरींच माणसाळलेलें असावें. त्यासाठीं भूक, तहान आणि माश्यांचा त्रास हें सारें त्याच्या वांट्याला एकटें असतांना यावें. दाणा, पाणी आणि त्रासांतून सुटका मात्र माणसाच्या हातून मिळावी. युक्ति थोडी धूर्त खरी, पण तींत माराला जागा नाहीं. पुढें त्याला गर्दींतून आणि गोंगाटांतून हिंडवावें, नाना प्रकारच्या वस्तूंजवळ न्यावें, आणि तें बुजल्यास न दरडावितां तेथें भिण्यासारखें कांहीं नाहीं हें त्याला कळूं द्यावें.

या शेवटच्या सल्ल्याचें फळ महाराष्ट्राच्या नित्य परिचयाचें आहे. आषाढीच्या वारींत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर दोन अश्व चालतात. एकावर स्वार असतो; दुसऱ्याची पाठ माउलींसाठीं मोकळी ठेविलेली असते. रिंगणाच्या वेळीं टाळमृदंगांचा गजर, फडफडणाऱ्या पताका आणि दोहों बाजूंस माणसांच्या भिंती असतात, आणि मधल्या वाटेनें हे अश्व भरधाव दौडतात. धांव पुरी होतांच टापांखालची माती कपाळीं लावण्यासाठीं लोक झेपावतात. कालपरवां माळावरून धरून आणलेला घोडा तेथें उभा केला तर केवढा अनर्थ ओढवेल, याची कल्पना कोणालाही करतां येईल.

घोड्याला माणूस किती बारकाईनें कळतो, याची एक परीक्षा बर्लिन शहरांत भलत्याच निमित्तानें झाली. फॉन ओस्टेन नांवाच्या एका सेवानिवृत्त शिक्षकाचा हान्स हा घोडा बेरीज-वजाबाकीचीं उत्तरें टाप आपटून देत असे. १९०४ सालीं विद्वानांच्या एका मंडळानें तपास केला. लबाडी सांपडली नाहीं. पुढें ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकानें चिकाटीनें प्रयोग केले, ते १९०७ सालीं प्रसिद्ध झाले, आणि कोडें उलगडलें. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलें कीं हान्स चुके. टापांची संख्या उत्तराशीं येतांच विचारणाऱ्याचें डोकें त्याच्या नकळत तिळभर हले, आणि तेवढ्यावर घोडा थांबे. कारण कळल्यानंतर खुद्द फुंग्स्टलाही ती हालचाल पुरती आवरतां येईना. घोड्याला गणित येत नाहीं, असा निकाल लोकांनीं दिला आणि विषय मिटविला. निकाल बरोबर होता. पण घोडे बाळगणाऱ्याच्या उपयोगाची गोष्ट त्यांत आली नाहीं. माणसाला स्वतःला न जाणवणारी त्याची हालचाल घोडा पाहतो, ही ती गोष्ट.

स्वीडनमधील संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याच जातीचा आहे. माणसांनीं घोडा हातांत धरून ठराविक वाटेनें चार वेळां जावयाचें होतें. चवथ्या खेपेला घोड्याजवळ एकदम छत्री उघडली जाईल, असें त्यांना सांगितलें होतें. छत्री उघडलीच नाहीं. तरी त्या खेपेला माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीविषयीं कोणी कांहीं सांगितलें नव्हतें.

गेल्या शतकाआधींच्या शतकांत घोड्यांना वश करण्यांत जॉन सॉलोमन रॅरी या अमेरिकन गृहस्थाएवढी कीर्ति क्वचितच कोणाला मिळाली असेल. त्याचा जन्म १८२७ सालीं ओहायो संस्थानांत झाला. १८५८ सालीं त्यानें इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीसमोर आपलें कसब दाखविलें. त्याच वर्षीं क्रूझर नांवाचा एक घोडा त्याच्या स्वाधीन झाला. हा शर्यतींच्या उत्तम वंशाचा, पण इतका मारकुटा कीं तोंडाला जड लोखंडी मुसकी घालूनच त्याला ठेवावें लागे. रॅरीनें कांहीं तासांत त्याला हाताशीं आणिलें आणि पुढें लोकांपुढें फिरविलें. रॅरीची रीत अशी होती: घोड्याचा एक पुढचा पाय पट्ट्यानें वर बांधावयाचा, तीन पायांवर झगडून तो दमला कीं त्याला खालीं निजवावयाचें, आणि मग त्याच्या सर्वांगावरून शांतपणें हात फिरवीत राहावयाचें. चाबूक नाहीं, शिवीगाळ नाहीं, आवाज मऊ. त्या काळच्या मानानें ही मोठीच सुधारणा होती, आणि दयाळूपणाचा पुरस्कर्ता म्हणून रॅरीचा गौरव झाला तो अगदींच अस्थानीं नव्हता.

तथापि पळणें हाच ज्याचा आधार, त्याचे पायच बांधल्यावर त्याचें अंग सैल पडलें तर त्याला विश्वास म्हणावें काय? सुटकेची आशा संपल्यावर प्राणी झगडणें सोडून देतो, हें विसाव्या शतकांतील मानसशास्त्रानें प्रयोगांनीं दाखविलें आहे. वरून पाहणाऱ्याला हें निपचितपण शांतीसारखेंच दिसतें. क्रूझरचें मन कोणत्या प्रकारें वळलें असेल तें असो. घाईच्या शिकवणींत या दोहोंमधील फरक ओळखावयास अवसरच राहत नाहीं, आणि प्रेक्षकांपुढच्या कसरतींत तर मुळींच नाहीं.

पश्चिम अमेरिकेंतील गुराख्यांत टॉम डॉरन्स (१९१०-२००३) व त्याच्यासारखे जे जाणते होऊन गेले, त्यांनीं दुसरी वाट धरली. तिचें तंत्र थोडक्यांत असें. मोरकीची दोरी हलकेच ताणावी. घोडा उभाच राहील, मान वर करील, बाजूला ओढील. ताण वाढवूं नये आणि सोडूंही नये. ज्या क्षणीं त्याच्या अंगाचा भार पुढें झुकेल, पाऊल उचलण्याच्याही आधीं, त्याच क्षणीं दोरी सैल करावी. सुटका झाली त्या वेळीं आपण काय करीत होतों, तें घोडा लक्षांत ठेवितो. दोरी उशिरा सुटली तर धडा वायां जातो. त्यानें डोकें झटकल्यावर ती सुटली तर तो डोकें झटकावयास शिकतो. तबेल्यांतील निम्म्या खोडी अशा रीतीनें माणसानेंच पढविलेल्या असतात, आणि वर मार घोड्याला बसतो.

खोगिराचेंही तसेंच. आधीं घडी केलेली चादर घोड्याला हुंगूं द्यावी, खांद्याला लावावी, आणि तो अस्वस्थ होण्यापूर्वींच काढून घ्यावी. ती पाठीवर ठरूं लागली म्हणजे खोगीर. आणि तंग पहिल्याच दिवशीं पुरता आवळूं नये. हातावर पोट असलेल्या घोडेवाल्याला हें ऐकून हंसूं येईल. घोडा महिनाभर बांधून ठेविला तर दाणा कोठून आणावा, हा त्याचा प्रश्न खोटा नाहीं. पण रोजचा खरारा कोणाला चुकत नाहीं, आणि तेवढा पाव तास मन लावून केला तर त्यांतच पुष्कळ साधतें. यांत लाडांना जागा नाहीं हेंही सांगितलें पाहिजे. येतां जातां गूळ चारलेला घोडा खिसे चावूं लागतो, आणि मग तोही ऐबींतच गणला जातो.

मार खाल्लेल्या घोड्याला मात्र पहिल्या दिवसापासून वेगळें वागवावें लागतें. त्याच्या ठाणाशीं जाऊन समोर न पाहतां बाजूला उभें राहावें, कांहीं करूं नये, हातही पुढें करूं नये, आणि तो चुळबूळ करूं लागण्यापूर्वीं निघून यावें. असे कित्येक दिवस जातात. मग केव्हांतरी तो स्वतः नाक पुढें करतो. त्याला हाताची पालथी बाजू हुंगूं द्यावी. कपाळाला स्पर्श करूं नये. आयाळ जेथें संपते त्या मानेच्या मुळाशीं घोडे एकमेकांना खाजवितात. तेथें बोटांनीं सावकाश खाजवावें. त्याचा खालचा ओंठ सैल पडेल, डोकें थोडें खालीं येईल. त्या दिवशीं तेवढ्यावर हात काढून घ्यावा आणि दार लावून परत यावें.