सैनिकाच्या पश्चात तिचे घर



दरवर्षी ७ डिसेंबर हा दिवस सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. १९४९ पासून ही प्रथा चालत आली आहे. या निमित्ताने जमणारा निधी माजी सैनिकांच्या व दिवंगत सैनिकांच्या कुटुंबीयांच्या कल्याणासाठी वापरला जातो. पराक्रमाचे स्मरण या दिवशी होते, आणि ते व्हावयासच हवे. त्याचबरोबर एका साध्या प्रश्नाचाही विचार व्हावा. पतीच्या बदलीबरोबर जिने दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलविले, सरकारी निवासस्थानातच जिचे तारुण्य सरले, त्या स्त्रीने पतीच्या पश्चात, उतारवयात राहावयाचे कोठे?

वृद्ध सैनिकाला आसरा देण्याची कल्पना फार जुनी आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६७० मध्ये पॅरिस येथे जायबंदी सैनिकांसाठी भव्य वास्तू उभारण्याची आज्ञा दिली. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६८२ मध्ये चेल्सी येथे रॉयल हॉस्पिटलची स्थापना केली. अमेरिकेत वॉशिंग्टन येथे १८५१ मध्ये सैनिक-निवास निघाला. या तिन्ही ठिकाणी सोय होती ती सैनिकाची. त्याच्या पत्नीची नव्हे. चेल्सीचे दार स्त्रियांना उघडले ते २००९ मध्ये, आणि तेही स्वतः सैन्यात सेवा केलेल्या स्त्रियांना.

विधवांच्या निवाऱ्याचा प्रश्न अमेरिकेत तीव्र झाला, त्यास एक कारण होते. तेथील निवृत्त अधिकाऱ्याचे निवृत्तिवेतन त्याच्या मृत्यूबरोबर थांबत असे. पत्नीसाठी काही तरतूद करावयाची तर हयातीतच निवृत्तिवेतनाचा काही भाग सोडावा लागे. १९५३ च्या कायद्याने तशी सोय केली होती. पण ती महाग असल्याने फार थोड्यांनी स्वीकारली. परिणामी मोठ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याची पत्नीही वैधव्यात निर्धन होऊ शके. वारंवारच्या बदल्यांमुळे तिला स्वतःची नोकरी टिकविता आलेली नसे. स्वतःचे घरही बहुधा नसे.

यावर उपाय शोधण्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. १९५९ मध्ये ‘आर्मी डिस्टाफ फाउंडेशन’ ही संस्था स्थापन झाली. डिस्टाफ म्हणजे सूत कातताना पेळू धरणारी काठी. इंग्रजीत स्त्रीवर्गासाठी हा शब्द लक्षणेने वापरतात. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी आयझेनहॉवर यांनी या कार्यास पाठबळ दिले. १९६२ मध्ये वॉशिंग्टन येथे भूदलातील अधिकाऱ्यांच्या विधवांसाठी निवास सुरू झाला. नौदलासाठी व्हर्जिनियात १९६९ मध्ये ‘व्हिन्सन हॉल’ उभा राहिला. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे १९७० मध्ये ‘एअर फोर्स व्हिलेज’ सुरू झाले. त्यामागे हवाई दलातील अधिकाऱ्यांच्या पत्नींच्या मंडळांचा पुढाकार होता. पुढे अशा निवासांची दारे निवृत्त अधिकारी व त्यांच्या पत्नी यांना जोडीनेही खुली झाली.

या निवासांची रचना समजून घेण्यासारखी आहे. हिंडतीफिरती वृद्ध व्यक्ती स्वतंत्र सदनिकेत राहते. पुढे स्नान, औषधपाणी यांसाठी मदत लागली, तर त्याच आवारात ती मिळते. अंथरुणाला खिळण्याची वेळ आली, तर शुश्रूषेचा विभागही जवळच असतो. पती आजारी पडला तरी पत्नीला त्याची रोज भेट घेता येते, आणि तो गेल्यावरही तिचे बिऱ्हाड मोडत नाही. राहण्याचा खर्च बराच असतो. म्हणून गरजू विधवांसाठी देणग्यांतून निधी उभारला जातो. शेजारी एकाच जीवनपद्धतीतून आलेले असल्याने आठवणी समजावून सांगाव्या लागत नाहीत. १९७२ मध्ये हयात जोडीदारासाठी नवी लाभयोजना कायद्याने आली. वर्गणी भरणाऱ्याच्या पश्चात जोडीदाराला ठरविलेल्या रकमेच्या ५५ टक्के मिळू लागले. तरीही हे निवास ओस पडले नाहीत. पैशाने भाडे भागते. सोबत आणि शुश्रूषा यांची गरज उरतेच.

आपल्याकडे कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. घरांसाठी १९७८ मध्ये आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन स्थापन झाली. तिच्या योजनांत सैनिकांच्या विधवांनाही स्थान आहे. पुण्याचे साळुंके विहार ही तिचीच वसाहत. राज्य शासनाने २०२० मध्ये माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना घराच्या मालमत्ताकरातून सूट देण्याचा निर्णय घेतला. छप्पर मिळण्याच्या दिशेने ही मोलाची पावले आहेत. तथापि मुले परगावी अथवा परदेशी असताना रात्री-अपरात्री हाक कोणाला मारावी, हा प्रश्न केवळ छपराने सुटत नाही. वसाहतीतच परिचारिका, उपाहारगृह व सोबतीची व्यवस्था उभी करणे, हे पुढचे पाऊल होय.

तोवर प्रत्येक माजी सैनिकाने काही गोष्टी आजच कराव्यात. निवृत्तिवेतनाच्या आदेशात पत्नीचे नाव व जन्मतारीख अचूक आहे ना, ते पाहावे. बँकेचे खाते शक्यतो दोघांच्या नावे असावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कुटुंबाची नोंद असावी आणि कागदपत्रे कोठे ठेवली आहेत, हे पत्नीला ठाऊक असावे. घराच्या कागदावरही तिचे नाव असावे. पतीने देशाची सीमा राखली, त्या काळात घर तिने राखले. त्या घरावरचा तिचा हक्क त्याच्या पश्चातही अबाधित राहावा, हे पाहणे समाजाचे कर्तव्य आहे.