खाणमालक कोठे गेला?

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



एका खाणमालकाच्या गोष्टीने प्रारंभ करतो. खाणीत छत कोसळते आणि एक कामगार आत अडकतो. त्याचा जीव वाचतो, पण शरीर कायमचे निकामी होते. वार्ताहर त्याला इस्पितळात भेटतो, तेव्हा तो सांगतो की खाण धोक्याची आहे हे आम्हांला ठाऊक होते. वार्ताहर मालकाकडे जातो, तर मालक सर्व दोष कामगाराच्या माथी मारून मोकळा होतो. पुढे एका रात्री मालकाच्या बंगल्यावर मेजवानी रंगलेली असताना पाहुण्यांना गंमत म्हणून खाण दाखवण्याची टूम निघते. उंची पोशाखातली ती मंडळी खाली उतरतात आणि मागे वाट बंद होते. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा चालत नाही. आपल्याच खाणीत, आपल्याच हातांनी माती उपसण्याची वेळ मालकावर येते. सुटका झाल्यावर तो कबूल करतो की यापुढे ही खाण सर्वांत सुरक्षित करीन.

ही गोष्ट कोणा कामगार-नाटककाराची नव्हे. ती अमेरिकेतील ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या ऑगस्ट १९३८ च्या अंकातील आहे. वाट बंद करणारा होता सुपरमॅन, आणि वार्ताहर म्हणजे त्याचेच दुसरे रूप, क्लार्क केंट.

कार्यकर्त्यांच्या सभेत मुलांच्या चित्रकथांचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु न्याय म्हणजे काय, अन्याय कोण करतो आणि तो कोणी दूर करावयाचा, याविषयीची आपली पहिली चित्रे घटनेच्या पुस्तकातून मनात उतरत नाहीत. ती गोष्टींतून उतरतात. कायदा स्वतःच्या हाती घेऊन दुष्टांचे निर्दालन करणाऱ्या मुखवटाधारी वीरांनी गेल्या शतकात जगभरच्या कोट्यवधी मुलांची ही चित्रे घडविली. म्हणून या वीरांचा इतिहास आपण जरा गांभीर्याने पाहिला पाहिजे.

सुपरमॅनचा जन्म झाला तो महामंदीच्या काळात. १९३३ साली अमेरिकेतील दर चार कामगारांपैकी सुमारे एक बेकार होता. क्लीव्हलंड शहरात जेरी सीगेल आणि जो शुस्टर हे ज्यू स्थलांतरितांच्या घरचे दोन तरुण गोष्टी रचीत आणि चित्रे काढीत होते. सीगेलचे वडील कपड्यांचे दुकान चालवीत. १९३२ साली दुकानात चोरीचा प्रसंग घडला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ज्या समाजात बँका बुडतात, गिरण्या बंद पडतात आणि दुकानदाराचा जीव जातो, तेथे दोन तरुणांच्या कल्पनेत एक अजिंक्य रक्षक उभा राहावा, यात नवल नाही.

हा रक्षक प्रथम कोणाशी लढला? पहिल्याच अंकात तो निरपराध स्त्रीचा मृत्युदंड थांबवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि सिनेटरला हाताशी धरणाऱ्या दलालाच्या मागे लागतो. दुसऱ्या अंकात शस्त्रास्त्रांच्या कारखानदाराला तो सामान्य शिपाई म्हणून रणभूमीवर उभा करतो. १९३९ साली खराब माल वापरून नफ्यासाठी माणसांचे प्राण धोक्यात घालणारा मोटारींचा कारखाना तो मोडून टाकतो. त्याच वर्षीच्या आणखी एका कथेत गलिच्छ वस्तीत वाढणारी मुले गुन्ह्याकडे कशी वळतात हे पाहून तो सगळी वस्तीच पाडतो, म्हणजे सरकारला तेथे चांगली घरे बांधणे भाग पडेल. अन्यायाला मालकी असते, पत्ता असतो, नफ्याचा हिशेब असतो, हे या गोष्टींना पुरते उमगले होते.

तथापि एक गोष्ट या कथांतही नव्हती. खाणीच्या कथेत खाणकामगार काय करतात? एक जखमी होऊन पडतो, बाकीचे पाहतात. त्यांची संघटना नाही, संप नाही, साधे मागणीपत्रही नाही. वस्तीच्या कथेत घरे उभी राहतात, परंतु तेथे राहावयास कोणाला मिळणार आणि भाडे किती, हे विचारावयास एकही रहिवासी पुढे येत नाही. मालकाचे मन पालटले म्हणून खाण सुरक्षित झाली. उद्या त्याचे मन पुन्हा फिरले तर? सुपरमॅन किती खाणींत उतरणार? प्रत्यक्षात १९३५ च्या वॅग्नर कायद्याने अमेरिकेतील कामगारांना संघटनेचा आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क मिळाला होता, आणि त्याच दशकात लक्षावधी कामगार संघटित होत होते. चित्रकथेच्या चौकटीत मात्र त्यांना प्रेक्षकाचीच जागा मिळाली.

पुढे तर खाणमालकच नाहीसा झाला. मे १९३९ मध्ये बॉब केन आणि बिल फिंगर यांचा बॅटमॅन अवतरला. हा गर्भश्रीमंत वारसदार रात्री मुखवटा चढवून गुन्हेगारांची शिकार करतो. १९४० च्या वसंतात त्याचा जोकर हा वैरी आला: पांढराफटक चेहरा, हिरवे केस, आणि हास्य मुद्रेवर गोठवणारे विष. या जोकरला आरंभीच्या अंकातच मारून टाकावयाचे ठरले होते. संपादकांनी पाहिले की असा खलनायक पुन्हा उपयोगी पडेल. तेव्हा शेवटी एक चौकट घाईने जोडली गेली आणि जोकर जिवंत राहिला. त्याच सुमारास नायकाने कोणाचा प्राण घेऊ नये असाही दंडक घातला गेला. परिणाम असा की नायक मारीत नाही, खलनायक मरत नाही, आणि गॉथम नगरी आठ दशके तशीच अंधारात राहते. यात दुष्टपणाला कारण उरत नाही. तो नफ्यातून येत नाही की दारिद्र्यातून येत नाही. तो एका विकृत माणसाच्या हास्यातून येतो. अशा खलनायकाशी वाटाघाट संभवत नाही, सुधारणेचा कायदा संभवत नाही. संभवतो तो केवळ पुढच्या महिन्याचा अंक.

सुपरमॅनच्या वाट्यालाही माथेफिरू शास्त्रज्ञ आले. १९४० साली आलेला लूथर हा त्यांतला अग्रणी. १९८६ साली या लूथरला नव्याने उद्योगपती करण्यात आले. मालक परत आला, पण खाण परत आली नाही.

येथे न्यायबुद्धीने एक नोंद केली पाहिजे. मार्च १९४१ असा छाप असलेल्या ‘कॅप्टन अमेरिका’च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या तोंडावर ठोसा लगावताना दिसतो. अंक विक्रीस आला तो डिसेंबर १९४० मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वी सुमारे एक वर्ष. जो सायमन आणि जॅक कर्बी या ज्यू चित्रकथाकारांनी आपल्या सरकारच्या आधी भूमिका घेतली होती. हे धैर्य होते, आणि त्याला धैर्यच म्हटले पाहिजे.

युद्धानंतर चित्रकथांवर गदा आली. तिच्या मुळाशी फ्रेडरिक वर्थम नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. यांना प्रतिगामी म्हणून झटकून टाकता येत नाही. १९४६ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीयांसाठी नाममात्र शुल्काचे उपचारकेंद्र काढले आणि त्याला मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग यांचे नाव दिले. शाळांतील वर्णभेद मुलांच्या मनावर कसा आघात करतो, याविषयी त्यांनी न्यायालयात साक्षही दिली. हेच वर्थम १९५४ साली ग्रंथ लिहून सांगू लागले की चित्रकथांमुळे मुले गुन्हेगार होतात. त्यांचे कागदपत्र संशोधकांना खुले झाल्यावर कॅरोल टिली या अभ्यासिकेने २०१२ साली दाखवून दिले की त्यांनी मुलांच्या जबान्यांत सोयीस्कर फेरफार केले होते. चांगल्या हेतूचा माणूसही पुराव्याशी प्रामाणिक न राहिला तर कोणाच्या हाती हत्यार देतो, हे यातून शिकण्यासारखे आहे.

१९५४ साली सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःच आचारसंहिता केली. तिच्यात रक्तपात आणि भयानकता यांवर बंधने होती, ती समजण्यासारखी होती. परंतु आणखी एक कलम होते. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असे काहीही दाखवावयाचे नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे सिनेटरला हाताशी धरणाऱ्या दलालाची १९३८ ची कथा आता छापणे कठीण. कायदा मोडून न्याय देणारा वीर प्रस्थापितांचा मानद हवालदार झाला. १९७१ साली ही संहिता सैल झाली, आणि २०११ साली उरलेल्या प्रकाशकांनीही ती सोडली.

या हवालदाराला प्रश्न विचारला गेला तो १९७० साली. डेनिस ओनील यांनी लिहिलेल्या आणि नील ॲडम्स यांनी चितारलेल्या ‘ग्रीन लँटर्न’च्या एका कथेत भाडेकरू एका धष्टपुष्ट गृहस्थावर कचरा फेकताना दिसतात. नायक आपल्या सवयीप्रमाणे त्या गृहस्थाचे रक्षण करतो. मग कळते की तो मोडकळीला आलेल्या इमारतीचा मालक आहे आणि भाडेकरूंना रस्त्यावर काढावयास निघाला आहे. तेव्हा एक कृष्णवर्णीय वृद्ध पुढे येऊन नायकाला विचारतो की, परग्रहांवरच्या नाना रंगांच्या प्राण्यांसाठी तू झटलास असे ऐकतो, मग आमच्या काळ्या कातडीच्या माणसांसाठी का झटला नाहीस? विश्वाचा हा रक्षक मान खाली घालतो. बत्तीस वर्षांनी प्रेक्षकांतला एक माणूस चौकटीत शिरून बोलला होता.

आपल्याकडे हे वीर आले ते मुख्यतः १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून. येथे बसलेल्या अनेकांनी माझ्याप्रमाणेच वेताळाचे अंक हातोहात वाचून त्यांची पाने सुटी केली असतील. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला हा वेताळ म्हणजे पिढ्यान्पिढ्या जंगलावर देखरेख करणारा गोरा पुरुष. तेथील आदिवासी त्याला अमर मानतात आणि त्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत. वसाहतीच्या राज्यकर्त्याचे याहून गोंडस चित्र मिळणे अवघड, आणि स्वतंत्र भारतातली आम्ही मुले त्यावर लुब्ध होतो. १९७६ साली आबिद सुरती यांनी बहादूर आणला, तेव्हा थोडा फरक पडला. दरोडेखोराचा हा मुलगा सूड सोडून नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो. एकट्याच्या जागी संघ आला, ही लहान गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, ही करमणूक आहे, तिचे एवढे मनावर कशाला घ्यावयाचे? १९७४ साली ‘स्पायडरमॅन’च्या एका अंकात पनिशर नावाचे पात्र आले. न्यायालयाची वाट न पाहता गुन्हेगारांना ठार करणारा हा माणूस छातीवर कवटीचे चिन्ह मिरवतो. त्याच्या निर्मात्यांपैकी जेरी कॉनवे यांनी वेळोवेळी सांगितले आहे की तो न्यायव्यवस्थेच्या अपयशाचे प्रतीक आहे. तीच कवटी २०१७ साली केंटकी राज्यातील एका गावच्या पोलिसांनी आपल्या गाड्यांवर लावली, आणि टीका झाल्यावर काढली. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकन संसदेच्या इमारतीत घुसलेल्या जमावातही ती दिसली. कायद्याच्या रक्षकांना आणि कायदा पायदळी तुडवणाऱ्यांना एकच चिन्ह आपले वाटावे, याहून या गोष्टींच्या सामर्थ्याचा निराळा पुरावा कशाला हवा?

मी चित्रकथांवर बंदी मागत नाही. १९५४ चा अनुभव पुरेसा आहे. त्यांच्यामागची न्यायाची भूकही खोटी नाही. माझी तक्रार आहे ती त्या भुकेला मिळणाऱ्या उत्तराविषयी, आणि ती आपल्यालाही लागू पडते. गाऱ्हाणे घेऊन आलेल्या माणसाला “तुम्ही निश्चिंत असा, आमचे भाऊ पाहून घेतील,” असे आपण किती वेळा सांगतो? त्या क्षणी आपण मुखवटा चढवतो आणि त्याला प्रेक्षकांत बसवतो.

शेवटी सुपरमॅनच्या जनकांविषयी. १९३८ साली तेरा पानांच्या पहिल्या कथेचे त्यांना १३० डॉलर मिळाले, आणि तेवढ्यात नायकावरचे सर्व हक्क गेले. हा धनादेश २०१२ साली लिलावात एक लाख साठ हजार डॉलरला विकला गेला. १९४७ साली ते न्यायालयात गेले, तर त्यांची नावेही अंकांवरून उडाली. १९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघण्याची तयारी चालली होती, तेव्हा सीगेल कारकुनी करून दिवस काढीत होते आणि शुस्टर जवळजवळ आंधळे झाले होते. सीगेल यांनी वृत्तपत्रांना पत्रे लिहून आपली कैफियत मांडली. तेव्हा त्यांच्या मदतीला कोणी उडत आले नाही. पुढे आले ते व्यवसायबंधू: ‘ग्रीन लँटर्न’ची ती कथा चितारणारे नील ॲडम्स आणि जोकरच्या निर्मितीत वाटा असलेले जेरी रॉबिन्सन. त्यांनी व्यंगचित्रकारांच्या संघटनेला उभे केले, वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणीवरून प्रश्न लावून धरला, कंपनीशी वाटाघाटी केल्या. डिसेंबर १९७५ मध्ये दोघांना प्रत्येकी वर्षाला वीस हजार डॉलर मिळावेत आणि त्यांची नावे सुपरमॅनच्या कथांवर पुन्हा छापली जावीत, असा करार झाला.

पूर्ण न्याय तो नव्हता. हक्क कंपनीकडेच राहिले. पण दोन म्हाताऱ्या कारागिरांना जे मिळाले, ते सभा, पत्रके, वाटाघाटी आणि चिकाटी यांनी मिळाले. १९३८ च्या त्या खाणीतील कामगारांच्या हाती कथाकारांनी जे दिले नव्हते, तेच सदतीस वर्षांनी कथाकारांच्या उपयोगी पडले. उद्या आपल्या दाराशी कोणी गाऱ्हाणे घेऊन आले, तर त्याला प्रथम एवढेच विचारू या की तुझ्यासारखे आणखी कितीजण आहेत, आणि आपण सगळे मिळून केव्हा बसू या.