त्याने कबूल केलं, पुढे काय?

आज पदवी हातात घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमच्यातले बरेच जण पोलीस भरतीची नाहीतर एमपीएससीची तयारी करताहेत. जे करत नाहीत, त्यांनाही गावात राहायचं आहे, आणि शिकलेला माणूस म्हणून लोक उद्या त्यांना चार गोष्टी विचारणार आहेत. म्हणून आज यशाची गुरुकिल्ली वगैरे राहू दे. मी एका खुन्याबद्दल बोलणार आहे.

1968 साली मुंबईच्या उत्तर उपनगरांत झोपड्यांत, रस्त्याकडेला झोपलेल्या गरिबांची डोकी रात्री कोणीतरी फोडत होतं. 27 ऑगस्टला उपनिरीक्षक अॅलेक्स फियाल्हो यांनी एका माणसाला ओळखून धरलं. तो रामन राघव. गुन्हे शाखेची सूत्रं रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. हा गडी तोंड उघडेना. शेवटी ‘तुला हवंय तरी काय?’ असं विचारलं, तर म्हणाला, कोंबडी. पोटभर जेवला आणि मग बोलायला लागला. लपवलेलं हत्यारही त्याने काढून दिलं.

त्याच्या कबुलीतल्या खुनांचा आकडा 41, असं आजही छापून येतं. लोकांना तो पाठ आहे. खटला मात्र मालाडच्या चिंचवलीतल्या दोन खुनांचा चालला. बाकीच्या मेलेल्यांचं काय? ते सगळे त्यानेच मारले, की काहींचे मारेकरी दुसरेच होते आणि त्याच्या नावाखाली सुटून गेले? एकाच माणसाच्या तोंडून इतक्या खुनांचा उलगडा झाला की शहर सुटकेचा निःश्वास टाकतं आणि पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

त्यात हा माणूस आजारी होता. खटल्याच्या वेळी पोलीस सर्जननी त्याला जवळपास महिनाभर निरीक्षणाखाली ठेवून, वेडा नाही असं सांगितलं. बचाव पक्षाचे मनोविकारतज्ज्ञ म्हणाले, स्किझोफ्रेनिया आहे. 13 ऑगस्ट 1969 ला फाशीची शिक्षा झाली; त्याने अपील केलं नाही. फाशी कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांकडून त्याची पुन्हा तपासणी करवून घेतली. शेवटच्या बैठकीनंतर डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला, तर याने तो घेतला नाही. आपण ‘कानून’च्या जगाचे प्रतिनिधी आहोत, या पापी जगातल्या माणसांना शिवणार नाही, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांचा निष्कर्ष असा, की खून करताना आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. ते कायद्याविरुद्ध आहे हे मात्र कळत नव्हतं, कारण त्याच्या लेखी कायदा त्याच्याच बाजूने होता. 1987 मध्ये फाशीची जन्मठेप झाली. 1995 साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मेला.

असंच एक प्रकरण इंग्लंडमधल्या हल शहरात घडलं, तिथे हत्यार होतं आग. पीटर डिन्सडेल नावाचा अपंग, फेफरं येणारा, गल्लीत चेष्टेचा विषय झालेला तरुण. ब्रूस लीच्या वेडापायी त्याने नावच बदलून ब्रूस ली केलं होतं. 1979 च्या डिसेंबरात एका घराला लागलेल्या आगीत तीन भाऊ गेले. त्या तपासात हा सापडला आणि जुन्या, अपघात म्हणून मिटलेल्या आगीही आपणच लावल्याचं सांगू लागला. 1981 मध्ये 26 मृत्यूंची जबाबदारी त्याने न्यायालयात मान्य केली. त्यातले 11 जण एका वृद्धाश्रमातले होते. 1983 मध्ये अपील न्यायालयाने त्या 11 मृत्यूंचा दोष रद्द केला. म्हणजे भर कोर्टात दिलेली कबुलीसुद्धा पुढे टिकली नाही.

आपला कायदा याबाबत आधीपासूनच सावध आहे. पोलिसाजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्यातलं कलम 25. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आलं. मॅजिस्ट्रेटसमोर कबुली द्यायची तर मॅजिस्ट्रेटने आधी सांगावं लागतं: बोलायची सक्ती नाही, आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. विचार करायला साधारण चोवीस तास तरी द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये सरवणसिंग खटल्यात म्हटलंय.

आता आपल्याकडे या. सोयाबीन सोंगून सुडी लावलेली असते, वरून ताडपत्री, थ्रेशरची वाट पाहणं चालू. रात्रीतून सुडी पेटते. वर्षाची कमाई राख. गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध दाखल होतो, पण गावाला अज्ञात नको असतो. भावकीचा वाद, धुऱ्याचं भांडण, विजेची तार, कोणी फेकलेली बिडी, हे सगळं तपासायला वेळ लागतो. त्यापेक्षा एसटी स्टँडवर बडबडत बसणारा एखादा वेडसर पोरगा सोपा. त्याला दोन थापडा मारल्या, चहा पाजला, की तो ‘हो, मीच’ म्हणतो. उद्या पाण्याची टाकी फोडली का विचारलं तरी हो म्हणेल!

असा पोरगा ठाण्यात नेला की पोलीस पंच शोधतात, आणि शिकलेला म्हणून हाक तुम्हाला येते. जरूर जा, टाळू नका. पण वस्तू त्याने तुमच्यादेखत काढून दिली, की तुम्ही पोचण्याआधीच ती टेबलावर होती, हे डोळ्यांनी पाहा. पंचनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कोरा कागद पुढे आला तर पेन खिशात ठेवा. आणि तुमच्यापैकी जे वर्दी घालतील त्यांना माझी विनंती आहे: आरोपी कबूल झाला त्या दिवशी फाइल बंद करू नका, तो म्हणतोय तसं घडलं का, हे त्या दिवसापासून तपासायला लागा.