जो पुन्हा आला नाही, त्याची नोंद

बुऱ्हाणपूर जिल्ह्यात आज ज्यांना शुगरची किंवा बीपीची पहिली गोळी सुरू होते, त्यांचं पाच वर्षांनी काय झालेलं असतं? कितींना हृदयविकाराचा झटका आला, कितींना लकवा झाला, कितींना डायलिसिसची पाळी आली? औषधाच्या पुस्तकात याचं उत्तर मिळत नाही. ते घराघरांत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या चिठ्ठ्यांमध्ये, ईसीजीच्या पट्ट्यांमध्ये, लॅबच्या कागदांत आणि सरकारी उपचार-कार्डांवर विखुरलेलं असतं. रोजच्या उपचारातून जमा होणाऱ्या या नोंदी एकत्र करून, कोणत्या उपचाराने प्रत्यक्षात काय साधलं हे शोधण्याची पद्धत आता जगभर रुळली आहे. तिच्याविषयी मला आज एकच मुद्दा मांडायचा आहे. या अभ्यासात सर्वांत मोलाची माहिती त्या रुग्णाची असते, जो दवाखान्यात यायचा थांबला.

आधी एक शंका दूर करू. औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची चाचणी झालेली असतेच, मग पुन्हा हा खटाटोप कशाला? चाचणीत रुग्ण निवडून घेतात. ज्याला एकाच वेळी किडनीचा, हृदयाचा आणि साखरेचा त्रास आहे, जो पंचाहत्तरीला टेकला आहे, अशा माणसाला बऱ्याच चाचण्यांतून वगळतात. निवडलेल्यांना औषध फुकट मिळतं, तारीख चुकली की फोन येतो. पॉवरलूमवर बारा तासांची पाळी करणारा कारागीर किंवा केळीच्या बागेत कापणीला जाणारी बाई या चौकटीत बसत नाही. गोळी शरीरात काम करते की नाही, हे चाचणी सांगते. गोळी त्या कारागिराच्या पोटात रोज जाते की नाही आणि न गेल्यास पुढे काय होतं, हे फक्त त्याच्या खऱ्या नोंदीतूनच कळतं.

याचं आपल्या देशातलं फार बोलकं उदाहरण आहे. ‘क्रिएट’ नावाच्या नोंदणीत भारतातल्या ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांनी झटका आलेल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची माहिती जमवली. निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मोठ्या झटक्याच्या रुग्णांत छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम वेळ ३६० मिनिटं निघाला. सहा तास! रुग्णालयात पाऊल टाकल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळायला मात्र सुमारे ५० मिनिटंच लागत होती. म्हणजे उशीर मुख्यतः घरात, रस्त्यात आणि ‘ॲसिडिटी असेल, सकाळी बघू’ या वाक्यात होत होता. दुसरा निष्कर्ष मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. तीस दिवसांच्या आत दगावणाऱ्यांचं प्रमाण गरीब रुग्णांत ८.२ टक्के होतं, तर श्रीमंतांत ५.५ टक्के. गरिबांची प्रकृतीच आधीपासून खालावलेली असते, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण कोणाला कोणते उपचार मिळाले याचा हिशेब धरल्यावर हा फरक उरला नाही. वय आणि इतर धोके हिशेबात घेऊन तो मिटत नव्हता. गरीब माणूस उपचार न मिळाल्याने जास्त मरत होता. कोणत्याही औषधचाचणीत हे दिसलं नसतं, कारण तिथे गरीब-श्रीमंत दोघांना सारखंच औषध मिळतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पुष्कळ अनुभवी डॉक्टर म्हणतात की तीस वर्षं रुग्ण पाहिल्यावर कोणत्या औषधाने बरं वाटतं हे आम्हाला ठाऊक असतं, त्यासाठी आकडेमोड नको. त्यांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर राखूनही मला हे पटत नाही. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर येतो तो परत आलेला रुग्ण. जो आला नाही तो बरा झाला, दुसऱ्या दवाखान्यात गेला, पैसे संपले म्हणून घरी बसला की वारला, हे अनुभवाच्या कक्षेबाहेरच राहतं. समजा, एका आरोग्य केंद्रात बीपीचे १०० रुग्ण नोंदवले. तीन महिन्यांत त्यातले ६० आले आणि त्या ६० पैकी ४२ जणांचं बीपी आटोक्यात होतं. आलेल्यांवर हिशेब केला तर ७० टक्के यश, नोंदवलेल्यांवर केला तर ४२ टक्के. भागाकाराखालचा आकडा बदलला की केंद्राची सारी कहाणी बदलते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने नेमकं हेच ओळखलं. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, पंजाब, केरळ आणि तेलंगणातल्या २५ जिल्ह्यांपासून त्याचा आरंभ झाला. महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा त्यांत होते. प्रत्येकाचं कार्ड, ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या गोळ्या, आणि दर तिमाहीला तीन गटांत मोजणी: बीपी १४०/९० च्या खाली असलेले, वर असलेले आणि आलेच नाहीत ते. हा तिसरा रकाना म्हणजे माझ्या मते त्या उपक्रमातला खरा शहाणपणा. कारण त्या रकान्यातल्या नावांना फोन करता येतो, घरी आशा कार्यकर्ती पाठवता येते, गोळ्या गावाजवळ नेता येतात.

आपल्या जिल्ह्यात हा रकाना फार लवकर फुगतो, त्याला भूगोलही कारण आहे. बुऱ्हाणपूरचा रुग्ण एका राज्यात राहतो आणि दोन राज्यांत उपचार घेतो. तपासणी इथल्या जिल्हा रुग्णालयात, दुसरं मत रावेर-भुसावळला, अँजिओग्राफी जळगावला किंवा इंदूरला. खकनारकडची कुटुंबं हंगामात मजुरीला महाराष्ट्रात उतरतात आणि तिथेच महिनाभराच्या गोळ्या विकत घेतात. मध्य प्रदेशच्या यादीत असा माणूस ‘आला नाही’ म्हणून राहतो, पलीकडे ‘नवीन रुग्ण’ म्हणून चढतो, म्हणजे दोन्हीकडचे आकडे खोटे. आपल्या कुंडी भंडाऱ्याच्या शंभरावर कुंड्या वरून पाहणाऱ्याला सुट्या विहिरी वाटतात, पाणी मात्र खालून एकाच बोगद्यातून वाहत असतं; रुग्णाच्या कागदांचंही तसंच आहे, फक्त इथे तो बोगदा आपल्यालाच खणायचा आहे.

आणखी एक स्थानिक गोष्ट. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी लाल पेशींवर अवलंबून असते. सिकलसेल असेल तर तिचा आकडा फसवा येऊ शकतो आणि लोहाच्या कमतरतेने तो खऱ्यापेक्षा जास्तही दिसू शकतो. सातपुड्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोलला सुरू झाली. तेव्हा चेन्नई किंवा दिल्लीच्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष इथल्या कोरकू किंवा बारेला रुग्णाला जसाच्या तसा लावणं धोक्याचं आहे. त्याच्या कागदावर हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचा निकालही हवा, आणि शंका असल्यास उपाशीपोटीच्या व जेवणानंतरच्या साखरेवर भर द्यायला हवा.

या पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की अशा नोंदी फसवतात. आक्षेप खरा आहे. अमेरिकेत अनेक वर्षं परिचारिकांच्या मोठ्या पाहणीतून असं दिसत होतं की पाळी गेल्यावर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो. २००२ साली सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला, आणि त्या संयुक्त गोळ्यांनी हृदयविकार घटण्याऐवजी थोडा वाढलेलाच दिसला. गोळ्या घेणाऱ्या बायका मुळात अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या. श्रेय गोळीला मिळत होतं. मधुमेहात पायोग्लिटाझोनचं उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियातल्या एका आरोग्यसंस्थेच्या सुमारे १ लाख ९३ हजार मधुमेहींच्या नोंदींत, २०११ च्या मधल्या टप्प्यावर, दोन वर्षांपेक्षा जास्त काळ हे औषध घेणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. भारतात जून २०१३ मध्ये त्याची विक्री थांबवली गेली आणि जुलैअखेर धोक्याच्या सूचनेसह पुन्हा खुली झाली. दहा वर्षांचा पूर्ण हिशेब २०१५ मध्ये आला, तेव्हा तो धोका ठामपणे सिद्ध होत नव्हता. यावरून नोंदी टाकाऊ ठरत नाहीत. पहिला इशारा त्यांनीच दिला आणि पुढे त्याची धारही त्यांनीच बोथट केली. मधल्या काळात घाई झाली ती माणसांची. स्वीडनने तर चाचणी आणि नोंद यांतला झगडाच मिटवला. झटक्याच्या वेळी रक्तवाहिनीतली गुठळी ओढून काढण्याची पद्धत तिथे चांगली रुळली होती. त्यांनी राष्ट्रीय हृदय-नोंदणीतल्याच सात हजारांवर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले आणि २०१३ मध्ये दाखवून दिलं की त्या पद्धतीने तीस दिवसांतले मृत्यू कमी होत नाहीत. नोंदणी आधीपासून धड होती, म्हणूनच हे जमलं.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. माझा आजार कंपनीला कळला तर, विमा नाकारला तर, मुलीच्या लग्नात आडवा आला तर? ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि अभ्यासकांनी ती पुरेशी गंभीरपणे घेतली आहे असं मी म्हणणार नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. आभा हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक ऐच्छिक आहे आणि त्यावरून कोणाला काय दाखवायचं याची संमती आपल्या हातात आहे. अभ्यासासाठी नाव, पत्ता, फोन काढूनच माहिती दिली पाहिजे, आणि ‘तुम्ही काय काढता, कोणाला देता’ असं विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. विचाराच. ज्या समाजात हे प्रश्न विचारले जात नाहीत, तिथे लोक एक दिवस खोटं नाव सांगू लागतात आणि नोंद पार निकामी होते.

मग घरी काय करायचं? प्रत्येक ठिकाणी नाव एकाच पद्धतीने सांगा. एकीकडे घरचं आणि दुसरीकडे आधारवरचं, असं नको. फोन बदलला तर केंद्रात कळवा. घर सोडून दुसरीकडे मजुरीला जाताना कार्ड बरोबर न्या, आणि तिथल्या डॉक्टरांना ‘मी नवीन नाही, अमुक सालापासून गोळी चालू आहे’ हे पहिल्यांदा सांगा. गोळी बंद केली असेल तर लाजू नका. पैसे नव्हते, चक्कर येत होती, बरं वाटलं म्हणून सोडली, जे असेल ते खरं कारण लिहून घ्यायला लावा. ‘नियमित घेतो’ हे खोटं उत्तर डॉक्टरांना खूश करतं, पण त्याचा परिणाम असा की चालणारं औषध कुचकामी ठरवून तुम्हाला उगाच दुसरं, महाग औषध सुरू होतं.

शेवटी एक अवघड गोष्ट. आजाराच्या अभ्यासात मृत्यूचं कारण सर्वांत महत्त्वाचं, आणि आपल्याकडे नेमकं तेच लिहिलं जात नाही. २०२० साली देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्क्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलं होतं. घरी कोणी गेलं तर २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करा. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे कारणाचा दाखला मागा. त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. ‘हृदय बंद पडलं’ एवढ्यावर समाधान मानू नका, कारण ते प्रत्येकाचंच बंद पडतं. जुनी फाइल पुढे ठेवा, म्हणजे मधुमेह किती वर्षांचा होता, झटका आधी आला होता का, हे त्यात उतरेल. आणि ज्या केंद्रात त्यांचं कार्ड होतं तिथेही निरोप द्या, नाहीतर ते नाव महिनोनमहिने ‘आला नाही’ या यादीतच राहील.