रक्ताचा कागद आणि मनाचा आजार
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मागे एक गृहस्थ प्रयोगशाळेचा कागद घेऊन माझ्याकडे आले. कॉलेजात शिकणारा त्यांचा मुलगा छिन्नमनस्कतेने, म्हणजे स्किझोफ्रेनियाने आजारी. कानांत आवाज येतात, कोणी पाळतीवर आहे असे वाटते. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सीआरपी तर नॉर्मल आला. मग पोरगा सोंगच करतो ना?" आणि त्यांनी त्याच्या गोळ्या बंदही केल्या होत्या!

हा सीआरपी काय, ते आधी समजून घ्या. शरीरात कोठे जंतुसंसर्ग वा इजा झाली की दाह उत्पन्न होतो. पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा रासायनिक निरोप धाडतात आणि त्यावरून यकृत सीआरपी हे प्रथिन रक्तात सोडते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ते न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात प्रथम आढळले. मनाच्या आजारात त्याचा शोध फार मागाहून सुरू झाला.

स्किझोफ्रेनियाच्या पुष्कळ रोग्यांचे रक्त निरोगी माणसांच्या रक्ताशी ताडून पाहिले, तर रोग्यांत या दोन्हींची सरासरी काहीशी अधिक भरते. इंग्लंडात ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ९ व्या वर्षी ज्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ जास्त होते, त्यांच्यात १८ व्या वर्षी भास-भ्रमाचे अनुभव अधिक आढळले. आणि गंमत पाहा, त्याच मुलांत सीआरपीचा तसा संबंध दिसला नाही!

पण सरासरी गटाची असते, तुमच्या मुलाची नव्हे. धूम्रपान, लठ्ठपणा, मधुमेह, सुजलेल्या हिरड्या, एवढ्यानेही सीआरपी चढतो; उलट स्किझोफ्रेनियाच्या कित्येक रोग्यांत तो अगदी नॉर्मल असतो. रक्ताच्या तपासणीने हा आजार ठरत नाही, तसा खोटाही ठरत नाही. मानसोपचारतज्ज्ञ रोग्याशी आणि घरच्यांशी बोलूनच निदान करतात. ते रक्त तपासायला सांगतात ते दुसरे विकार वगळण्यासाठी, किंवा औषधांनी साखर-चरबी वाढते का हे पाहण्यासाठी. गोळ्या मात्र आपल्या मनाने थांबवू नका, आजार उलटतो. घरात कोणाला सांगण्याचा संकोच वाटत असेल, तर विद्यार्थी मित्रांनो, २०२२ पासून १४४१६ हा सरकारी टेलिमानस दूरध्वनी आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

त्या मुलाच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पुढच्या खेपेस वडील कागद न आणता मुलालाच घेऊन आले, आणि प्रथमच त्याचे त्याला बोलू दिले.