हृदयाच्या लयीचे वाचन



ईसीजीची, म्हणजेच विद्युत-हृदालेखाची पट्टी हाती पडताच नवा विद्यार्थी बहुधा रोगाचे नाव शोधू लागतो. ही त्याची पहिली चूक होय. पट्टी आधी वाचावयाची असते. नाव मागाहून द्यावयाचे असते. या वाचनाचा क्रम आणि त्याची मर्यादा यांविषयी आज मला बोलावयाचे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी लायडन येथे विलेम आइंटहोवेन यांनी तार-गॅल्व्हानोमीटर सिद्ध केला. रुग्णाला दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज हे यंत्र हातपिशवीत मावते. परंतु पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे त्यांनीच दिलेली आहेत.

कागद सामान्यतः सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यावरील लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद आणि मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. लय नियमित असून दोन आर-शिखरांमध्ये चार मोठे चौकोन असतील, तर ३०० ला ४ ने भागावे. मिनिटाला ७५ ठोके मिळतात. गतीनंतर नियमितपणा पाहावा. मग प्रत्येक क्यूआरएसपूर्वी पी-तरंग आहे काय, हे तपासावे. कारण पी-तरंग अलिंदांच्या उद्दीपनाची खूण आहे, तर क्यूआरएस निलयांच्या. पी-तरंगाच्या आरंभापासून क्यूआरएसच्या आरंभापर्यंतचे अंतर प्रौढांत ०.१२ ते ०.२० सेकंद असते. शेवटी क्यूआरएसची रुंदी मोजावी.

हा क्रम पाळला की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. पी-तरंग नाहीत, आधाररेषा थरथरते आणि ठोक्यांच्या अंतरात कोणताच मेळ नाही, असे दिसले तर ते अलिंदांचे विकंपन होय. दुसऱ्या एका पट्टीत मधूनच एक ठोका गळालेला दिसतो. मोजून पाहिले तर पी व क्यूआरएस यांतील अंतर प्रत्येक ठोक्यागणिक वाढत जाते, मग एक ठोका गळतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. हा क्रम व्हेंकेबाख यांनी १८९९ मध्ये केवळ नाडीच्या आलेखावरून ओळखला होता. तार-गॅल्व्हानोमीटर तेव्हा उपलब्ध नव्हता. मोजण्याची शिस्त मात्र होती.

आता मर्यादेकडे वळू. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही रुग्णांत निलयांतून उद्भवणारे अकाली ठोके वारंवार आढळतात आणि अशा रुग्णांना आकस्मिक मृत्यूचा धोका अधिक असतो. तेव्हा हे ठोके औषधाने दडपले तर मृत्यूही टळेल, असा तर्क रूढ झाला होता. ‘कास्ट’ या चाचणीत तो पारखला गेला. एन्केनाइड वा फ्लेकेनाइड या औषधांनी ज्यांचे अकाली ठोके दडपले जातात, अशाच रुग्णांची त्यासाठी निवड झाली होती. १९८९ मध्ये या औषधांपुरती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ रुग्णांपैकी २६. पट्टी निर्दोष होत होती, पण माणसे अधिक मरत होती. फ्लेकेनाइड योग्य रुग्णांत आजही उपयोगी पडते. दोष होता तो पट्टीवरील खुणेलाच रोग समजण्याचा.

असाच प्रमाद रुग्णशय्येपाशीही घडू शकतो. हातांना कंप असलेल्या रुग्णाची पट्टी कधीकधी निलयांच्या घातक क्षिप्रतेसारखी दिसते. परंतु रुग्ण स्वस्थपणे बोलत असतो, मनगटावरची नाडी संथ लागते आणि त्या गोंधळातही नीट पाहिल्यास खरी क्यूआरएस-शिखरे समान अंतरावर सापडतात. ज्याने आधी नाडी पाहिली, तो अशा वेळी विद्युत-आघाताची तयारी करणार नाही.

म्हणून माझी आपणांस एवढीच विनंती आहे : रोज काही पट्ट्या याच क्रमाने, हाती मोजपट्टी घेऊन वाचा, आणि प्रत्येक वेळी ती ज्याची आहे त्याच्या मनगटावर आधी बोटे ठेवा.