गल्ला दोघींनी मोजायचा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतील मनोगत)



यंदा मी महिनाभर रजेवर होते. माझी मोठी बहीण इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात नर्स आहे. तिच्या बाळंतपणाला आईला सोबत म्हणून गेले होते. तिथे काय पाहिलंस, असं तुम्ही बऱ्याच जणींनी विचारलं. मी सांगणार आहे एका टेबलाबद्दल.

बहिणीच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्या दर शनिवारी एका धर्मादाय संस्थेसाठी स्टॉल लावतात. लोकांनी दिलेली जुनी पुस्तकं, कपबश्या, खेळणी, घरी केलेला जॅम असं विकायचं आणि आलेला पैसा संस्थेला द्यायचा. मी म्हटलं, मी येऊ का मदतीला? तर त्यांनी आधी विचारलं, "व्हिसा कुठला आहे?" पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेचं विनामोबदला काम करता येतं, पण एकूण 30 दिवसांपर्यंतच. ते तपासलं आणि मगच मला टेबलामागे उभं केलं.

टेबलावर पाटी होती. पैसा कोणत्या संस्थेला जाणार ते नाव आणि तिचा नोंदणी क्रमांक. तो क्रमांक घालून कुणीही त्या संस्थेची माहिती इंटरनेटवर बघू शकतं.

संध्याकाळी गल्ला मोजायची वेळ आली. बाईंचे यजमानही स्टॉलवर होते, पण मोजायला बाईंनी मला बोलावलं. मोजणारे दोघे शक्यतो एकमेकांच्या नात्यातले नसावेत, असा तिथला रिवाज. दोघींनी वेगवेगळं मोजलं. माझा आकडा 90 पेन्सने जास्त! मला तर घामच फुटला. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "परत मोजू." तेव्हा कळलं, तिथलं 20 पेन्सचं आणि 50 पेन्सचं नाणं दोन्ही सात कोनांची असतात. मी वीसची तीन नाणी पन्नासची धरली होती. मग चिठ्ठीवर सकाळचे सुटे, दिवसाची विक्री आणि दोघींच्या सह्या. झालं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गेल्या वर्षीचं आपलं प्रदर्शन आठवलं. आपल्या स्टॉलवर 640 रुपये कमी भरले. गल्ल्यावर एकच ताई बसली होती. बोटं तिच्याकडे वळली. ती रडत घरी गेली आणि गटात यायची थांबली. सकाळी सुटे किती ठेवले हेसुद्धा कुणी लिहिलं नव्हतं, मग कमी पडले की नाही हे तरी कशावरून ठरवलं? हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. समन्वयक म्हणून तिथे हजर होते आणि गप्प बसले. ही चूक माझी आहे, तुमच्यासमोर कबूल करते.

आल्याबरोबर मी त्या ताईच्या घरी गेले. माफी मागितली. तिने चहा केला, पण गटात यायचं अजून मनावर घेतलेलं नाही. एकटी गेले होते ना मी. तिच्या गटातल्या तायांनो, पुढच्या वेळी माझ्यासोबत चला.

आपल्या पंचसूत्रीत हिशोब लेखन आहेच. पण ते बैठकीच्या वहीपुरतं राहिलं. आता जत्रेचा स्टॉल येतोय. तेव्हा तीनच गोष्टी करूया. सकाळी सुटे पैसे मोजून लिहायचे. संध्याकाळी दोघींनी वेगवेगळं मोजायचं, सासू-सून किंवा जावा-जावा नकोत. आणि दोघींची सही झालेली चिठ्ठी पुढच्या बैठकीत वाचायची.

कुणी म्हणेल, आमच्यावर विश्वास नाही का? ताई, विश्वास आहे म्हणूनच. चिठ्ठीवर दोन सह्या असल्या, की उद्या कुणा एकीवर बोट उठणार नाही.

जय जिजाऊ, जय सावित्री.